‘आम्ही पाहिले’ म्हणजे काय?

परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांत रजेनंतर दोन वाक्ये हमखास कानी पडतात. कचेरीत परतलेला गृहस्थ सहकाऱ्यांना सांगतो, ‘यंदा हिला आग्रा, फत्तेपूर सिक्री दाखवून आणले.’ आणि त्याच आठवड्यात महाराष्ट्र मंडळात तोच गृहस्थ म्हणतो, ‘यंदा आम्ही आग्रा पाहिले.’ दोन्ही वाक्ये एकाच प्रवासाविषयीची, बोलणाराही एकच. परंतु पहिल्या वाक्यात एक दाखविणारा आहे आणि जिला दाखविले ती एक आहे. दुसऱ्यात दोघेही पाहणारे आहेत. यांपैकी खरे वाक्य कोणते? की दोन्ही खरी असू शकतात? वरवर पाहता हा व्याकरणाचा प्रश्न वाटेल. आमच्या मते तो नीतीचा प्रश्न आहे. कारण दुसऱ्याच्या डोळ्यांवर आपला हक्क कितपत चालतो आणि बरोबर आलेल्या माणसाचे आपण काय देणे लागतो, हे दोन्ही त्यात गुंतलेले आहे.

मराठी भाषेने या बाबतीत एक सोय करून ठेवली आहे. हिंदी किंवा इंग्रजी बोलणाऱ्यांस ती नाही. ज्याच्याशी बोलावयाचे त्याला वगळून ‘आम्ही’, आणि त्याला धरून ‘आपण’. नवराबायको परस्परांशी बोलताना ‘आपण’ म्हणतात. ‘आम्ही’ हा शब्द शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी. (लेखकाच्या ‘आम्ही’ची गोष्ट निराळी, त्यात बहुधा एकच माणूस बसलेला असतो.) तेव्हा शेजाऱ्याला ‘आम्ही पाहिले’ असे सांगण्यापूर्वी त्या दोघांत ‘आपण पाहिले’ असे कधी झाले होते काय, हे तपासावयास हवे. ते झाले नसेल, तर एका गाडीच्या डब्यातून, एका धर्मशाळेतून किंवा हॉटेलातून, एकाच दरवाजाने आत गेलेली ती दोन निरनिराळी माणसे होती, एवढेच म्हणता येईल.

आमच्या आजोबा-पणजोबांना हा प्रश्न पडला नाही. ते स्थळे पाहावयास जात नसत, यात्रेला जात. काशी, प्रयाग, गया या त्रिस्थळी यात्रेत दांपत्याने काय करावयाचे हे शास्त्राने आणि क्षेत्रोपाध्यायाने आधीच ठरविलेले असे. संकल्प दोघांचा, स्नान दोघांचे, दान दोघांचे. प्रयागास त्रिवेणीवर वेणीदानाचा विधी असे: नवऱ्याने बायकोची वेणी घालावयाची, तिच्या टोकाचे केस कापावयाचे आणि ते संगमात सोडावयाचे. ज्या पुरुषाने जन्मात कधी वेणी घातली नाही त्याचे हात तेथे अडखळत असतील, आणि ती हसू दाबीत बसली असेल. त्या क्षणी कोणाच्या मनात काय आले, हे कोणी विचारीत नसे. कृत्य दोघांचे, म्हणून पुण्य दोघांचे.

स्थलदर्शनात असे कृत्यच नाही. तिकीट काढावे, आत जावे, पाहावे, बाहेर यावे. सारे काही पाहण्यावर येऊन ठेपते, आणि पाहणे हे ज्याचे त्याने करावयाचे असते. केंद्र सरकारने १९५६ साली आपल्या नोकरांना रजा प्रवास सवलत दिली. आज चार वर्षांच्या मुदतीत दोनदा आपल्या गावी, किंवा त्यांतील एका खेपेऐवजी भारतात कोठेही, कुटुंबासह जाता येते. तिकिटे दोघांच्या नावे निघतात, बिलातही दोघांची नावे असतात. परंतु यात्रेत उपाध्याय जी गाठ मारून देत असे ती कोणत्याही नियमावलीत नसते. ती त्या दोघांना स्वतःच मारावी लागते, आणि पुष्कळदा ती मारावयाची राहून जाते.

का राहून जाते? आमचा वर्ग अधिकाऱ्यांचा. वर्षानुवर्षे आपण ‘पाहणी’ करीत आलो आहोत. पाहणी म्हणजे वेळ ठरलेली, यादी ठरलेली, कोणी मागे रेंगाळला तर त्याला पुढे बोलावणे, आणि शेवटी अहवाल. ही सवय रजेच्या दिवसांत घरी ठेवून येणे सोपे नाही. म्हणून सकाळी साडेसहाला निघावयाचे, दहापर्यंत किल्ला, बारापर्यंत मकबरा, जेवण, मग संग्रहालय, असा कागद तयार होतो. आणि बरोबरची व्यक्ती एखाद्या जाळीपाशी दोन मिनिटे जास्त थांबली की ‘चल, अजून तीन ठिकाणे राहिली आहेत’ हे शब्द सहज तोंडून जातात. त्यात दुष्टपणा नसतो. उलट तिला जास्तीत जास्त पाहावयास मिळावे ही सदिच्छा असते. परंतु दुसऱ्याने किती वेळ काय पाहावे हे ठरविणाऱ्या सदिच्छेचाही थोडा जाच होतोच.

शिवाय ज्या व्यक्तीला आपण ‘दाखविण्यास’ निघालो ती काही कालपरवा गावाहून आलेली नसते. बदलीमागून बदली तिने पाहिलेली असते. नवऱ्याला नवे शहर कळते ते कचेरीच्या रस्त्याने, फायलींवरच्या सह्यांनी. तिला ते कळते दूधवाल्याच्या बोलीतून, शाळेच्या प्रवेशाच्या रांगेतून, कोथिंबिरीला येथे काय म्हणतात यातून. लखनौत किंवा हैदराबादेत तीन वर्षे काढलेल्या घरात शहराचे ज्ञान कोणाजवळ अधिक आहे, याची एकदा निरपेक्ष मोजदाद केली तर कित्येक गृहस्थांस आश्चर्य वाटेल.

मोठ्या शहरी नेमणूक झालेल्यांची आणखी एक परिस्थिती वाचकांच्या चांगल्या परिचयाची असेल. दिल्लीत किंवा कलकत्त्यात बिऱ्हाड असले की पाहुण्यांस तोटा नसतो. मे महिन्यात भाचरे येतात, दिवाळीनंतर मावशी येतात, काशीला जाता-येता कोणी चार दिवस उतरतात. त्यांना कुतुबमिनार, लाल किल्ला, हुमायूनची कबर दाखवावी लागते. कलकत्त्यात व्हिक्टोरिया मेमोरियल, इंडियन म्युझियम आणि हावड्याचा पूल. एके दिवशी नवरा रजा काढून त्यांच्याबरोबर जातो, उरलेले दिवस बायको जाते. घरी कोणीतरी असावेच लागते. अशा रीतीने दोघांनीही कुतुबमिनार दहा-दहा वेळा दाखविलेला असतो. दोघांनी मिळून तो एकदाही पाहिलेला नसतो. आणि मग बदलीचा हुकूम येतो. ‘जाण्यापूर्वी एकदा आपण दोघेच जाऊ’ हे वाक्य सामानाच्या पेट्यांबरोबर खिळे ठोकून बंद होते.

अशा पुढे ढकलण्यात दोष आहे काय? ‘इमारती कोठे पळून जातात? निवृत्तीनंतर पाहू,’ असे म्हणणारे पुष्कळ आहेत. इमारती पळून जात नाहीत हे खरे. पण कुतुबमिनाराच्या आतील जिना ४ डिसेंबर १९८१ रोजी झालेल्या चेंगराचेंगरीनंतर लोकांसाठी बंद झाला. पंचेचाळीस माणसे तेथे गेली, त्यांत बहुतेक शाळेची मुले होती. त्यापूर्वी ‘पुढच्या खेपेस वर चढू’ असे म्हणून परतलेल्या जोडप्यांस ती पुढची खेप मिळाली नाही. जिने बंद न झाले तरी गुडघे बंद होतात. स्वतःचे सुख पुढे ढकलावयाचा अधिकार प्रत्येकास आहे. दुसऱ्याचे सुख, त्याला न विचारता, पुढे ढकलण्याचा अधिकार कोणी दिला?

याचा विचार करण्यास ताजमहालाइतके योग्य स्थळ नाही, कारण तेथे जोडपी जातात ती दांपत्यप्रेमाचे स्मारक म्हणून. त्याची हकीगत मात्र आमच्या वाचकांस फार जवळची आहे. दिल्लीहून पुण्यामुंबईकडे येताना खांडव्यानंतर आणि भुसावळच्या अलीकडे बुऱ्हाणपूर स्टेशन लागते. बहुधा त्या वेळी आपण झोपेत असतो. मुमताजमहल वारली ती येथे, १७ जून १६३१ रोजी, चौदाव्या अपत्याच्या जन्माच्या वेळी. शाहजहान दक्षिणेच्या मोहिमेवर होता आणि ती त्याच्या छावणीबरोबर होती. आजच्या भाषेत बोलावयाचे तर नवऱ्याच्या नेमणुकीच्या गावी तिचा अंत झाला. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला प्रथम पुरले, आणि काही महिन्यांनी तिचा देह आग्र्यास नेला. १६३२ मध्ये ताजचे काम सुरू झाले. ज्या इमारतीपुढे जगातील जोडपी छायाचित्र काढून घेतात, ती इमारत जिच्यासाठी उभी राहिली तिने तिचा एक दगडही पाहिला नाही.

आता कल्पना करावी की एखादा बहुश्रुत गृहस्थ आपल्या पत्नीला हे सारे समजावून सांगत आहे. विवाह १६१२ मध्ये, मृत्यू १६३१ मध्ये; पश्चिमेस मशीद, पूर्वेस समतोलासाठी तिच्याच घाटाची दुसरी इमारत; घुमटाखाली दिसतात त्या कबरी केवळ देखाव्याच्या, खऱ्या खाली तळघरात; आणि मधोमध मुमताज, शाहजहानची कबर तिच्या बाजूला असल्याने साऱ्या रचनेत तेवढीच एक विषमता. तो हे बरोबर सांगत आहे. आणि ती मध्येच विचारते, ‘एकोणीस वर्षांत चौदा?’ त्यांतील सातच मुले मोठी झाली, हेही त्याला ठाऊक आहे. या ठिकाणी त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक, ‘हो, चौदा, तर मग १६३२ साली...’ असे म्हणून पुढे जाणे. दुसरी, तेथेच थांबणे. त्या आकड्यापाशी तो आजवर कधी थांबला नव्हता. त्याच्या लेखी ती तपशिलाची बाब होती. तिच्या लेखी ती इमारतीइतकीच मोठी गोष्ट आहे. तो थांबला, तर त्याने जन्मभर वाचलेला ताज त्याला आज प्रथम दुसऱ्या बाजूने दिसेल. आणि घुमटाविषयी तो जे सांगत होता तेही तिच्या कानापर्यंत पोचेल. ‘आपण पाहिले’ असे ज्याला म्हणता येईल ते अशा थांबण्यात घडते, अशी आमची समजूत आहे.

ताजपुढच्या संगमरवरी बाकावर १९९२ च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या राजघराण्यातील डायना एकट्या बसल्या होत्या. त्यांचे पती त्या दिवशी कामानिमित्त बंगलोरला होते. ते छायाचित्र जगभर गेले, आणि बाकावरच्या रिकाम्या जागेचा अर्थ लावण्यास कोणास कष्ट पडले नाहीत. रिकामी जागा दिसते म्हणून लोक तिच्याविषयी बोलतात. त्याच बाकावर रोज शेकडो जोडपी खांद्याला खांदा लावून बसतात, आणि त्यांतील कितींच्या मधे तेवढीच जागा रिकामी असते, हे कोणत्याही छायाचित्रात उमटत नाही.

जोडीदाराच्या स्मरणार्थ इमारत उभारणे हा केवळ पुरुषांचा मान नव्हे. दिल्लीतील हुमायूनची कबर ताजच्या साठ-सत्तर वर्षे आधीची. ती बांधविण्याचे श्रेय त्याची विधवा बेगा बेगम, म्हणजे हाजी बेगम, हिला दिले जाते. गुजरातेत पाटण येथे अकराव्या शतकात राणी उदयमतीने पती पहिला भीमदेव याच्या स्मरणार्थ सात मजली विहीर बांधली. सरस्वती नदीच्या गाळाने ती शतकानुशतके भरून गेली होती; ती मोकळी झाली, २०१४ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली, आणि २०१८ पासून शंभराच्या नोटेवर तिचे चित्र आहे. अशा साऱ्या स्मारकांत एक गोष्ट समान आहे. ती उभारणाऱ्याने एकट्याने पाहिली. शाहजहानने १६५८ पासून १६६६ पर्यंत आग्र्याच्या किल्ल्यातील कैदेतून ताज पाहिला. शेजारी मुमताज नव्हती. एवढे ऐश्वर्य असून त्यांना जे मिळाले नाही ते तिकिटाच्या खिडकीपुढे उभ्या असलेल्या कोणत्याही सामान्य जोडप्याजवळ असते: ‘ते बघ’ असे म्हणावयास जिवंत माणूस. ही संपत्ती किती उधळेपणाने आपण वापरतो, हे त्या इमारतींपुढे उभे राहिल्यावर तरी मनात यावे.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की खरे पाहणे एकट्यानेच होते. बरोबर कोणी असले की बोलणे होते, पाहणे होत नाही. यात तथ्य आहे. परंतु त्यातून सोबत सोडावी असे निष्पन्न होत नाही. सोबत्याला एकांत द्यावा, एवढेच होते. सांचीला स्तूपाभोवती दोघांनी दोन दिशांनी फिरावे आणि अर्ध्या तासाने भेटावे. एकाने तोरणांवरील जातककथा पाहिल्या असतील. दुसऱ्याचे लक्ष कठड्यांच्या दगडांवरील लहान लहान लेखांकडे गेले असेल. ते ज्यांनी ज्यांनी दान दिले त्यांचे लेख आहेत, आणि त्यांत गृहिणी आहेत, भिक्षुणी आहेत. दक्षिणेच्या तोरणावर विदिशेच्या हस्तिदंती काम करणाऱ्या कारागिरांचाही एक लेख आहे. भेटल्यावर एकाने कथा सांगावी, दुसऱ्याने नावे सांगावी. एका माणसाला अर्ध्या तासात जेवढे दिसते त्याहून अधिक घेऊन ती दोघे परततात. मात्र त्यासाठी भेटल्यावर विचारावे लागते, ‘तुला काय दिसले?’ आणि विचारून ऐकावे लागते.

दुसरा आक्षेप असा की चार दिवसांच्या रजेवर नीतिशास्त्राचे एवढे ओझे कशाला? माणसे हिंडतात, खातात-पितात, हसतात, पुरे आहे. आम्हांलाही हसणेखाणे प्रिय आहे. परंतु ओझ्याचीच गोष्ट निघाली तर खऱ्या ओझ्याकडे पाहावे. जोडे आणि पिशव्या सांभाळीत बाहेर कोण बसते? मूल झोपले तर सावलीत कोण थांबते? दशम्या आणि चटणी पहाटे उठून कोणी बांधली? ‘तू जाऊन ये, मी बसते, मला काय कळते त्यातले’ हे वाक्य कित्येक दरवाजांपाशी उच्चारले गेले आहे, आणि ते ऐकून आत जाणाराने ते फारदा खरे मानून घेतले आहे. कधी उलटही असते. कित्येक घरांत वाचन बायकोचे असते, नवऱ्याला इतिहासाचा कंटाळा असतो, आणि पिशव्यांपाशी तो बसतो. नियम दोघांस सारखाच आहे. रजेतील आनंदाचा वाटा आणि कष्टाचा वाटा एकाच तराजूत मोजला गेला पाहिजे. आणि ‘मला काय कळते’ असे म्हणणाऱ्या माणसाला ते म्हणावयास आपण शिकविले नाही ना, हेही पाहिले पाहिजे.

या संदर्भात एक जुने मराठी जोडपे आठवते. १८८६ साली न्यायमूर्ती रानडे हिंदुस्थान सरकारच्या फायनान्स कमिटीच्या कामासाठी सिमल्यास व कलकत्त्यास गेले, तेव्हा रमाबाई बरोबर होत्या. कलकत्त्याच्या मुक्कामात रानड्यांनी बंगाली शिकावयास घेतली. दाढी करावयास येणाऱ्या न्हाव्याला विचारून ते शब्दांचे उच्चार सुधारून घेत, आणि रमाबाईंनाही त्यांनी ती भाषा शिकविली. ही हकीगत रमाबाईंनीच लिहून ठेवली आहे. त्या जोडप्यात बरोबरीचे नाते होते असे म्हणता येणार नाही. वयात, विद्येत, अधिकारात अंतर फार होते. तो काळच तसा होता. तरीही शिकविणारा स्वतः न्हाव्यापुढे विद्यार्थी होऊन बसला आहे, हे रमाबाईंना रोज दिसत होते. दाखविणाराही शिकत असला की त्याचे दाखविणे जाचत नाही. पतीच्या पश्चात त्यांनी जे पुस्तक लिहिले, ते १९१० साली प्रसिद्ध झाले. त्याच्या नावात ‘माझ्या’ नाही, ‘त्यांच्या’ही नाही, ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ असे ते नाव आहे. तो ‘आमच्या’ हा शब्द रमाबाईंनी बरोबर काढलेल्या वर्षांतून मिळविला होता.

तेव्हा आरंभीच्या दोन वाक्यांचा निकाल असा लावता येईल. दाखविणे हे पाप नव्हे. ज्याला जे ठाऊक आहे ते त्याने जोडीदारापासून राखून ठेवणे हाच कृपणपणा होईल. परंतु दाखविणे हे कर्जासारखे आहे. ज्याने दाखविले त्याने उलट काही पाहून घेतल्याशिवाय ते फिटत नाही. आग्र्याहून परत येताना गाडीत रात्री दिवे मालवण्यापूर्वी नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला एवढेच विचारावे की, मी पाहिले नाही असे तू काय पाहिलेस? उत्तर कदाचित यमुनेच्या आटलेल्या पाण्याविषयी असेल, कदाचित कारंज्यापाशी रडणाऱ्या एखाद्या मुलाविषयी, कदाचित त्या चौदा बाळंतपणांविषयी. ते प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत नसेल. पण ते ऐकल्यावर मंडळात जाऊन ‘आम्ही आग्रा पाहिले’ असे सांगण्यास हरकत राहणार नाही.

ज्यांची मुदत एखाद्या शहरात संपत आली आहे, त्यांना यासाठी आग्र्यापर्यंतही जावयास नको. पाहुणे नसलेला एखादा रविवार निवडावा, आणि आजवर दोघांनी निरनिराळ्या दिवशी दुसऱ्यांना दाखविलेले शहर दोघांनी मिळून पाहून घ्यावे.